गळतीवेध

ऐक, आधी नुसतं ऐक. प्रश्न नंतर.

नाशिकला शलाका निमसे म्हणून एक फिटनेस ट्रेनर आहे. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं सेंटर. व्यायाम काय, सगळेच शिकवतात रे. हिची खरी कला वेगळीच, आलेला माणूस सोडायचा नाही! कोणाच्या मुलीची बारावी आहे, कोणाला चारचौघांत चूक दाखवलेली चालत नाही, सगळं पाठ. कोणी दांडी मारली की दहा मिनिटांत फोन, तोही ओरडायला नाही, "चहाला तरी या" म्हणायला. फी कधी कमी करायची नाही, वेळ मात्र हवी ती द्यायची.

त्यात तिने गळतीवेध घेतला. म्हणजे मनगटावर पट्टा आणि फरशीखाली सेन्सर. हृदयाचे ठोके, पाऊल कसं पडतं, मेसेजला उत्तर किती वेळाने येतं, एवढ्यावरून तो सांगतो की हा माणूस शेवटचा कोणत्या दिवशी येणार. थेट तारीख! तो बनवणारे मुजावर सर म्हणाले होते, "एका मोठ्या जिमच्या चार हजार लोकांच्या हजेरीवर शिकवलंय त्याला. कारण विचारू नका, तारीख विचारा."

एकदा पाठारेकाकांची तारीख आली. गुरुवार. काका एकसष्टचे, एकदम गमत्या माणूस. तेही म्हणतच होते, "मास्तरीणबाई, महिनाभर सुट्टी द्या. अंगात दमच नाही राहिला."

शलाकाला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. ती त्यांच्या घरी गेली, काकूंनाही व्यायामाला तयार केलं. म्हणाली, "कंटाळा मनाला येतो काका, शरीराला नाही."

काका हसले. "तुम्ही विमा विकायला पाहिजे होता."

गुरुवारी आले. सगळा व्यायाम केला. जाताना जिन्यात जरा बसले, ते उठलेच नाहीत.

शलाकाने मुजावर सरांना गाठलं. "तुमच्या यंत्राला हे माहीत होतं?"

"त्याला फक्त हजेरी कळते, ताई. आला किंवा नाही आला. सोडून गेलेला आणि वारलेला, दोघांच्याही पुढे रिकामी चौकटच."

"अहो, पण काही तरी फरक असेल ना!"

"मी जुन्या नोंदी परत बघितल्या. शरीर थकलं की ते आधी माणसाला बहाणे करायला लावतं. बहुतेक जण बहाणा करून घरी बसतात, म्हणून वाचतात." मग म्हणाले, "या नोंदी ज्या जिमच्या, तिथे गैरहजर माणसाला कोणी फोन करत नव्हतं."

कळलं तुला? बाहेर पडायला दोन रस्ते होते. त्यातला चांगला रस्ता हिने गोड बोलून बंद केला!

तिने घाबरत यंत्राची तारखांची यादी उघडली. हेमांगी कुलथे, वय चव्वेचाळीस. मागच्याच महिन्यात सोडून चाललेली, शलाकानेच थांबवलेली. तारीख सोमवार. शलाकाने तिला सगळं खरं सांगितलं. हेमांगीने हृदय तपासून घेतलं, रिपोर्ट साफ. पण पाठारेकाकांनी सेंटरला नाव घालताना दिलेला रिपोर्टही साफच होता ना!

"तरी येऊ नका, ताई. मी सेंटरमधून तुमचं नाव काढून टाकलंय."

"नवरा गेल्यावर मला अंथरुणातून कोणी उठवलं? तू. आणि आता तूच हाकलतेस? मी नाही सोडणार."

शलाका मुद्दाम वाईट वागली. फोन उचलला नाही, मेसेजला उत्तर दिलं नाही. काही उपयोग नाही. इतकी जीव लावणारी माणसं तिनेच तयार केली होती.

सोमवारी सकाळी सहाला बेल वाजली. काचेपलीकडे हेमांगी, बूट घालून.

"उघड गं. नाही उघडलंस तर मी एकटी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जाते. आज दांडी मारणार नाही म्हणजे नाही."

आत घेतलं तर हजेरी लागणार, आणि यंत्र म्हणतंय ती शेवटची. नाही घेतलं तर ही बाई त्या पायऱ्यांवर एकटी, जवळ पाणी द्यायलाही कोणी नाही.

शलाकाचा हात कडीवर. बाहेर हेमांगी बुटाच्या नाड्या घट्ट करतेय.

सांग ना, तू काय केलं असतंस?