उलव्याच्या डुकरांवर विषप्रयोग

जगातलं कोणतंही रहस्य सुमेधाबाईंपुढे टिकत नाही, असं जुईनगरातल्या त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी लागल्यापासून एकच केस आली होती, हरवलेल्या बोक्याची, आणि तो आपणहून घरी परतला होता.

म्हणून उलव्याचे नामदेव दारात उभे राहिले तेव्हा सहायक बंडूने आधी पंखा लावला, मग खुर्ची पुसली.

नामदेवांच्या डुकरांना रक्ताची हगवण लागली होती. दोन दगावली होती. बायको गेल्यापासून तीच त्यांची माणसं. मुलगा ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बोलवायचा, अर्थात डुकरांशिवाय.

"समोरच्या टॉवरच्या सेक्रेटरीनी विष घातलंय, बाई. त्या दिनानाथालाच वास येतो. उद्या पोलिसात जातो, आनि उरलेली इकून टाकतो."

तिघं शेडवर गेली. सिमेंटची जमीन धुऊन लख्ख होती. आधी दारालगतच्या खणातली डुकरं आजारी पडली, मग शेजारच्या. सगळ्यांना खाणं एकाच पिंपातलं, हॉटेलचं उरलंसुरलं; पार टोकाची ते अजून मजेत खात होती. आजाऱ्यांच्या विष्ठेत रक्त होतं, शेंबडासारखी आव होती. दारात नामदेवांचे गमबूट. तळव्यांच्या खाचांत भाताचं तूस.

दिनानाथांनी तक्रारअर्ज केल्याचं लगेच कबूल केलं. शेडमध्ये मात्र पाय ठेवला नव्हता. घाण पायाला लागेल ना. संध्याकाळी नामदेव तिथे नसतात, दिवाही नसतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं. गॅलरीत बसून दुसरं काय बघणार? त्यांच्या मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट कुलूपबंद होते.

मग नामदेवांचा जुना दोस्त बाळाराम. पलीकडच्या गावात त्याचीही डुकरं, तुसाच्या जाड थरावर लोळणारी. गेल्या पावसात त्यांना हगवण झाली होती, औषधाने थांबली. आता ठणठणीत हायत, म्हणाला.

"धंद्यातली जळजळ," बंडू कुजबुजला. "यानेच विष घातलं."

सुमेधाबाईंनी सगळ्यांना नामदेवांच्या शेडच्या दाराशी जमवलं. दिनानाथ नाकाला रुमाल लावून आले.

"विष पिंपात असतं तर सगळीच आडवी झाली असती. हे दारातून चालत आलं आणि खणाखणाने पुढे सरकलं. म्हणजे साथ. आजारातून उठलेलं डुक्कर धडधाकट दिसतं, पण विष्ठेतून जंतू टाकत राहतं. या शेडमध्ये तुसाची काडी नाही, बुटांना मात्र आहे. नामदेव, संध्याकाळी कुठे असता?"

नामदेवांनी गमबूट पायाने मागे सरकवले.

"बाळारामकडं. हितं बोलायला कोन हाय?"

"बोलतो कुठं," बाळाराम म्हणाला. "निस्ता बसून ऱ्हातो."

पशुवैद्यांच्या तपासणीत ब्रॅकिस्पायरा नावाचा जंतू निघाला. दोन्ही शेडना पाण्यातून टायम्युलिन हे औषध, अशक्तांना मीठ-साखरेचं पाणी. खण धुऊन, वाळवून चुना मारायचा. उंदीरही हा जंतू फिरवतात, त्यांचा बंदोबस्त करायचा. आणि एका शेडच्या माणसाने दुसऱ्या शेडवर जाणं बंद.

डुकरं उठली. पोलिसात जाणं राहिलं, विक्रीही राहिली. संध्याकाळी मात्र नामदेव शेडच्या दारात एकटेच बसू लागले.

एकदा दिनानाथ रुमाल न लावता कुंपणापाशी येऊन उभे राहिले. नववा मजला आहे, लिफ्ट चालू आहे, चहा मी बरा करतो, असं बरंच काही पुटपुटले.

नामदेव लगेच उठले.

"फक्त तेवढी आंघोळ करून या," दिनानाथ म्हणाले.