कुंभार्ली घाटातला चांगला कान

कराडच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत अंबुताई सरपोतदार ताठ बसल्या होत्या. वय एकाहत्तर. पाडव्यापासून सारा देश रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणार होता. ज्यांच्या मेंदूतल्या सवयीचा दिशापालट झाला नसेल, त्यांचे वाहन-परवाने त्या दिवशी रद्द होणार होते.

"मुळात बाजू बदलायचीच कशाला?" त्यांनी विचारले.

"शेजारी देशांना जोडणारा महामार्ग येतोय ना, ताई," डॉ. शर्वरी नाईकवडी म्हणाल्या. "आणि पूर्वी तरी बाजू कुणी बैठक घेऊन ठरवली होती? स्वाराची तलवार उजव्या हातात. समोरचा त्याच हाताला यावा म्हणून तो डावीकडून जाई, असं सांगतात. काही देशांत गाडीवान डाव्या घोड्यावर बसत, उजव्या हातात चाबूक. समोरच्या गाडीची चाकं दिसावीत म्हणून ते उजवीकडून हाकू लागले. तलवारी गेल्या, घोडे गेले, सवय मेंदूत राहिली. आम्ही तेवढीच उलटवतो, आरशासारखी."

"आणि आठवणी?"

"रस्त्यावरच्या आठवणींतल्या बाजू उलटतील. बाकी काही नाही."

"इथेच तर घोडं पेंड खातं!" अंबुताईंचा आवाज चढला. "आमचे हे, आता नाहीत, शाळा-तपासनीस होते. डावा कान ठार बहिरा, म्हणून जीप मी चालवायची. हे माझ्या डावीकडे, चांगला कान माझ्याकडे. घरी कधी माझं ऐकलं नाही. घाटात मात्र सव्वीस वर्षं शब्दन् शब्द ऐकला. त्यांची नजर रस्त्यावर, पण हुंकार चुकायचा नाही. आता ते माझ्या उजवीकडे, म्हणजे बहिरा कान माझ्याकडे. माझं सगळं बोलणं वाऱ्यावर?"

शर्वरींनी हातातला यंत्राचा टोप खाली ठेवला. "कोणता कान बहिरा, ही आठवण मेंदूत वेगळीकडे असते. ती बदलणार नाही. जिथे जुळत नाही, तिथे मेंदू आपणच मेळ घालतो. कसा, ते सांगता येत नाही. नको असेल तर राहू द्या, ताई."

"आणि गाडी सोडू? लावा ते यंत्र."

वीस मिनिटांनी शर्वरींनी हलकेच विचारले, "घाटात चला. काय दिसतंय?"

"पोफळी गावाकडे उतरतोय," अंबुताई डोळे मिटून म्हणाल्या. "हे उजवीकडे. मी म्हणतेय, आपल्या सुमनचं लग्न वैशाखात उरकू..." त्या थांबल्या. "ऐकू गेलं नाही त्यांना."

शर्वरींचा हात यंत्राच्या कळीकडे गेला. "संध्याकाळपर्यंत परत उलटवता येतं."

"थांबा." अंबुताईंचा स्वर एकदम उतरला. "ऐकू येत नाही म्हणून हे वळलेत. अख्खे वळून माझ्या तोंडाकडे बघताहेत, ओठ वाचायला. दर वाक्याला. सव्वीस वर्षांत या माणसानं घाटात माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं हो."

"पण ताई, हे खरं नाही."

"मला सांगता?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कळीवरचा हात काढा. सुमनचं सांगून व्हायचंय अजून."