दोन हौद, दोन हात

लाल रंगाला दोन हौद लागतात आणि प्रत्येक हौदाला वेगळा माणूस. पहिल्यात कॉस्टिकमध्ये विरघळवलेलं नॅप्थॉल. त्यातून सुताची लडी निघते ती कावीळ झालेल्या डोळ्यासारखी पिवळट. दुसऱ्यात ॲसिड, नायट्राइट आणि बर्फ घालून तयार केलेला बेस, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या भुकटीचं पाणी. लडी त्यात बुडाली की लालभडक होते. कंपनीचा केमिस्ट एकदा समजावून गेला होता, नॅप्थॉलच्या रेणूच्या कड्यातला एक हायड्रोजन उठतो आणि त्याच्या जागी बेस बसतो. एकदा बसला की कितीही धुवा, उठत नाही. म्हणून एका हौदाचा हात दुसऱ्याला लावायचा नाही, हे सोलापूरच्या चादरी रंगवणाऱ्यांचं सोवळं.

अठरा वर्षं पहिला हौद सोमलिंगचा आणि दुसरा सिद्धप्पाचा. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सिद्धप्पा लघवीतून रक्त जाऊन मेला. बेसची भुकटी बाधली, असं डॉक्टर म्हणाले. मालकाचं म्हणजे गरज सरो, वैद्य मरो. माती होऊन चार दिवस झाले नाहीत तोच तो म्हणाला, "दोन्ही हौद तूच बघ सोमलिंग, नाहीतर मोकळा हो."

सोमलिंग थकला होता. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो आणि तो कधीच आटला होता. पण सिद्धप्पाच्या हौदाची त्याला भीती वाटत होती. "बुधवारी सांगतो," म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

सोमवारी पहिल्या हौदातून लडी वर काढली, तर पिवळ्यावर लाल बोटं उमटलेली. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, लडी पिळताना धरतात तशी. बर्फच आलं नव्हतं, बेस बनवलाच नव्हता. त्यानं हात साबणानं धुतले, हौद उपसला, नवं नॅप्थॉल घातलं. पुन्हा बोटं. त्यानं त्यांच्यावर आपला हात ठेवून पाहिला. ती बोटं त्याच्या बोटांहून लांब होती.

मंगळवारी तो गेलाच नाही. कुंभारी गावातल्या घरात दिवसभर बाजेवर पडून छताचे पत्रे बघत राहिला. बायको, बसम्मा, आतबाहेर करत होती, पण एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळपर्यंत त्याचं ठरलं. उपाशी मरू, पण दुसऱ्या हौदाला हात लावायचा नाही. कित्येक महिन्यांनी त्याला हलकं वाटलं.

बुधवारी तो सांगायला गेला. कारखान्याच्या अंगणात बांबूंवर लाल लड्या वाळत होत्या. एकसारखा रंग, कुठं डाग नाही.

"शाब्बास!" मालक म्हणाला. "काल एकट्यानं दोन हौद ओढलेस."

"काल मी घरी हुतो, मालक."

"चेष्टा करतोस? मी दारात उभा होतो. तू बेसच्या हौदावर वाकला होतास. हाक मारली तर मान वर केली नाहीस."

सोमलिंग उलट पावली कुंभारीला आला. बसम्मा चुलीपुढं होती.

"काल मी कुटं हुतो?"

"आता गं बाई! कामाला गेलता की. म्याच भाकरी बांदून दिली."

त्यानं आपले हात उजेडात धरून पाहिले.

"आन् तुमीच म्हनला न्हाय का," तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "आजपास्नं दोगांची बांद."