जलपर्णीचा शेवटचा झुबका

केस पिकले तरी त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की तिला आधी ती फुलंच दिसतात... फिकट जांभळी, तळंभर पसरलेली. आणि गुडघाभर चिखलात उभा राहून ती तोडणारा एक उंच चष्मेवाला.

"कुणासाठी चाललीत एवढी फुलं?" तिनं धक्क्यावरून दरडावलं होतं.

"घेणारं कुणी असेल तर सगळीच न्या," तो म्हणाला. "मी तर ती उपटायलाच आलोय."

तो वनस्पती खात्यातला संशोधक निघाला. ती होडीवाल्याची एकुलती एक लेक. जलपर्णीनं तळं झाकल्यापासून बाबांच्या होड्या काठावर पालथ्या पडल्या होत्या. पाण्यात ऊन उतरत नव्हतं, मासे गुदमरून मरत होते. देखणी म्हणून लोकांनी ही परक्या मुलखातून हौसेनं आणली, आणि जगभर जिथे गेली तिथल्या पाण्याचा तिनं गळा आवळला, असं तो सांगायचा. 'देखणी' म्हणताना त्याची नजर मात्र फुलांवर नसायची... हिचे कान लाल व्हायचे.

ती होडी वल्हवायची, तो जलपर्णी ओढायचा. त्याचे हात चिखलानं भरलेले, म्हणून घसरलेला चष्मा तीच वर सरकवायची. त्यापुढे गाडी काही सरकेना. पाणी मोकळं होत गेलं तसे बाबा खुलले, आणि ती वल्हं मुद्दाम हळू मारू लागली. तळं साफ झालं की तो जाणार होता.

शेवटच्या दिवशी धक्क्यामागचा झुबका काढायचं काम तिच्याकडे होतं. तिनं तो काढलाच नाही. काढला म्हणून खुशाल सांगितलं. एवढ्याशा रोपाचं पुन्हा तळंभर रान माजतं, हे तिला पाठ होतं, म्हणून तर.

संध्याकाळी तो झुबका हातात घेऊन समोर उभा राहिला.

"हा राहिला होता."

"राहिला नव्हता... मी राहू दिला."

"बाबांच्या होड्यांचा विचार नाही केलास?"

"केला. रडूही आलं. पण नाहीतर तुम्ही परत कशाला याल?"

त्यानं झुबका धक्क्यावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "मला बोलवायला अख्खं तळं कशाला बुडवतेस? नुसता फोन केलास तरी येईन."

दुसऱ्या दिवशी तो गेला. तिसऱ्या दिवशी तिनं फोन लावला. तळं ठीक आहे ना, त्यानं धास्तावून विचारलं. अगदी स्वच्छ, तळाचे दगड दिसतायत, ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही... या."

तो आला. खात्याला काय कारण सांगून आला, ते इतक्या वर्षांच्या संसारातही त्यानं तिला सांगितलेलं नाही.