तिने मागितलं ते

"मला... मला मावशीकडे राहायचंय!" जेवता जेवता पोर उठून उभी राहिली आणि इतक्या स्पष्ट आवाजात बोलली, की वाढणाऱ्या नव्या आईचा हात तसाच थांबला.

या आवाजासाठी किती आसुसली होती ही नवी आई! सख्खी आई गेल्यापासून ती आठ वर्षांची मुलगी कुणाशी धड बोलत नव्हती. शाळेत तहान लागली तरी पाणी मागत नसे. "सावत्रपणाच्या धाकानं मुकी झाली," असं मावशी चारचौघांत म्हणाली, तेही नव्या आईनं निमूट गिळलं होतं. लॉन्ड्रीतलं काम आटोपलं की इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवताना ती पोरीला बरोबर न्यायची आणि स्वतः जिन्यातच थांबायची. "बेल वाजव, 'कपडे आणलेत' म्हण. मनात असेल ते बोलावं गं, मी कधीच रागावणार नाही!" पहिल्यांदा पोर रडत परत फिरली होती... आणि परवा तिनं एका आजोबांना चक्क ठणकावलं, "हा शर्ट तुमचा नाही, शेजारच्यांचा आहे!"

आणि आज मनातलं ओठांवर आलं ते हे!

"जिनं तुझ्यासाठी जिवाचं रान केलं, तिलाच..." बाप ताडकन उठला. पोरीची मान खाली गेली.

"तिला ओरडू नका!" नवी आई मध्ये आली. "मी शब्द दिलाय. आज गप्प केलंत, तर ती पुन्हा तोंड उघडायची नाही." मग खाली बसून तिनं हळूच विचारलं, "मावशीच का गं?"

"तिचा आवाज... आईसारखा आहे."

काळजात कळ उठली, पण तिनं पोरीचे डोळे पुसले.

रविवारी मावशी न्यायला आली, तेव्हा नवी आई पोरीचे फ्रॉक एकेक करून घडी घालत होती. मावशी दारातच थबकली. "फोनवर पोर घडाघडा बोलते, ती तुमच्यामुळे... सगळं सांगितलंय तिनं. फार वाईट बोलले हो मी तुम्हाला!" दोघी गळ्यात पडून रडल्या.

टॅक्सीत बसलेली पोर एकाएकी उतरली आणि धावत परत आली. आजवर तिनं नव्या आईला कशानंच हाक मारली नव्हती, साधं 'तू'सुद्धा म्हटलं नव्हतं.

"भेटायला येशील ना तू?" पोर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "नक्की यायचं! मी वाट बघणार आहे!"

नव्या आईनं मान डोलावली. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत ती हसत हात हलवत राहिली... आणि मग पायरीवरच मटकन बसली.