धर्मशाळेतली बाई

साईराज, तो मोबाईलचा उजेड बंद कर आधी. आरोही, जरा जवळ सरक गं. सांगतो ते घडलेलं हाय. गेल्या साली त्रिपुरारी पुनव झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारच्या रात्री. टेंपो चालवायला आपला चौक गावचा तालिब होता, आणि तालिब थापा मारणारा माणूस नाय.

नेरळचा किशोर. माझ्या भाच्याच्या वर्गात होता. नोकरी धड कुठं टिकली नाय, मग ह्यानं जुन्या वास्तू दाखवायचा धंदा काढला. शनिवारी मुंबईची माणसं टेंपोत भरायची आणि नदीकाठच्या गावांतली जुनी घरं, देवळं, मशिदी, बाजारपेठा हिंडवायच्या. धंदा वाईट नाय. पण ती माणसं! खांबाला मिठ्या मारून फोटो काढणार, बूट घालून उंबऱ्यावर उभी राहणार, आणि वर 'वॉव, किती ऑथेंटिक' म्हणणार. आमच्या आज्यानं तसल्याच खांबाला जन्मभर म्हैस बांधली, त्याला कुणी वॉव म्हटलं नाय. आणि किशोर त्यांच्यावर कडी. चार पुस्तकं चाळली, अंगात खादीचा कुर्ता घातला, की झाला इतिहासकार!

त्याची बायको सोनाली दवाखान्यात नर्स. तिला त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून पाच वर्षांची रिया बापाबरोबर आली होती. कर्जतची पेठ, नदीवरचा घाट असं करत करत दिवेलागणीला टेंपो खालापूरच्या अलीकडं, पाताळगंगेच्या काठच्या एका धर्मशाळेपाशी लागला. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, वर माडी. माडीचा जिना कधीचाच पडलेला. पुराच्या दिवसांत वाटसरू अडकायचे, त्यांच्यासाठी कुणा भल्या माणसानं बांधलेली. बास, एवढाच इतिहास. तिथं कुणी मेलं नाय, कुणी जीव दिला नाय.

पण एवढ्यावर त्या लोकांचं समाधान होतंय कुठं! एका बाईनं जांभई दिली आणि विचारलं, "इथे हॉन्टेड वगैरे काही नाही का?"

झालं, गडी पेटला. खांबाला टेकला, आवाज खाली आणला.

"आहे ना. इथल्या राखणदाराची बायको. तिचं लेकरू पुरात गेलं. तेव्हापासून ती इथे आलेलं मूल ठेवून घेते. आणि एकदा आपलं म्हटलं, की त्याला कधीच सोडत नाही."

सगळं मनचं! घरात वाईटसाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तुमच्या आयांनी तुमाला सांगितलं असंल. त्याच्याही आईनं सांगितलं होतं. पण समोरून टाळ्या पडल्या ना, मग आईला कोण विचारतो? आणि स्वतःची पोर तिथंच खांबाशी उभी राहून ऐकतेय, एवढं तरी दिसावं! निर्लज्ज.

टेंपो निघाला आणि चौकच्या ढाब्यावर थांबला. मंडळी उतरली. किशोरनं मागं बघितलं, तर रिया नाय. त्याला वाटलेलं ती बायकांत बसलीय, बायकांना वाटलेलं बापाजवळ पुढं बसलीय. काय म्हणावं ह्याला? दोनशे वर्षांपूर्वीचा दगड कुणी घडवला ते तोंडपाठ, आणि पोटची पोर विसरला.

तालिबनं टेंपो माघारी फिरवला. बाकीची मंडळी पनीर मागवून बसली. संगं एक माणूस आला नाय.

बाहेर चांदणं, पण धर्मशाळेच्या आत मिट्ट काळोख. तालिबनं हेडलाइट तिकडं धरला. किशोर एकटाच आत गेला.

"रिया!"

तो खांब चाचपत पुढं सरकला.

"रिया, बाळा!"

हसण्याचा आवाज आला. रियाचाच... वरनं. माडीवरनं. जिथं जायला जिनाच नाय.

"रिया, खाली ये."

"ती नको म्हणते, पप्पा."

"कोण ती?"

...

"रिया, कोण ती?"

...

किशोरला आपलीच थाप आठवली. "खोटं आहे!" तो ओरडला. "इथे कुणी बाई नव्हती! मी रचलं सगळं!"

सगळं शांत. नदीचाही आवाज नाय. माडीच्या फळ्या एकदा वाजल्या... कुणी बसल्या जागी सरकून बसावं, तशा.

तेव्हा त्याला आई आठवली. वास्तू वाईटाला तथास्तु म्हणते, तर चांगल्यालाही म्हणत असंल. त्यानं हात जोडले.

"माझी रिया... आज... माझ्याबरोबर... घरी येईल."

...

मग पाठीमागं, जोत्यावर, पावलं वाजली. रिया उभी होती. धडधाकट. कशी उतरली ते मला विचारू नका, तालिबलाही ठाऊक नाय. किशोरनं तिला उचललं आणि धावत सुटला. तालिब म्हणतो, नेरळ येईस्तोवर गडी हमसून हमसून रडत होता. रडू दे. मला नाय दया येत.

कारण तिथंही शहाणपण कमीच पडलं. पोर घरी येईल म्हणाला. ती एकटीच येईल, असं नाय म्हणाला.

पहाटे सोनाली पाळीवरनं घरी आली. दाराला आतून कडी होती, ती किशोरनंच काढली. तो रात्रभर पोरीच्या उशाशी जागा होता. सोनालीनं रियाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि थबकली.

"ही कुणी लावली?"

रियाच्या गालावर काजळाची तीट होती. लेकराला नजर लागू नये म्हणून आई लावते, तशी. बरोब्बर जागेवर, मायेनं लावलेली. त्यांच्या घरात काजळाची डबीच नाय.

सोनाली ती रोज पुसते.

रोज सकाळी ताजी असते.