उजव्या चाकांचे व्रण

सोमवारी सकाळी चौकीच्या आवारातला कुत्रा अपघातातल्या गाडीचं चाक चाटताना दिसला आणि बिबिगुलने चहाचा पेला खिडकीत ठेवला.

आवारात सहा गाड्या होत्या. पाचांकडे कुत्र्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सहावी काळी जर्मन सेडान. तिचं नाक कड्यावर आपटून चपटं झालं होतं. कुत्रा तिच्या पुढच्या डाव्या चाकापाशी मन लावून जीभ चालवत होता. मग तो मागच्या डाव्या चाकाकडे गेला. उजव्या बाजूला मात्र गेलाच नाही.

बिबिगुल कोकसाय दरीच्या चौकीत अकरा वर्षं तपास अधिकारी होती. बोलायची कमी, सूर्यफुलाच्या बिया खायची जास्त. तिच्या टेबलाखालच्या टरफलांवरून वरिष्ठ करवादायचे. तपासात खोट सापडत नाही म्हटल्यावर बिचारे टरफलांवर भागवून घेत.

गाडी दामिरची. वरच्या वस्तीतला हा तिशीतला माणूस डोंगरावरच्या पाहुण्यांना खाली अल्माटी शहरात सोडायचा. तो उतार जुन्या ब्रेकना झेपत नव्हता, ते तापून ऐनवेळी दगा द्यायचे. म्हणून शनिवारी ओराझच्या गॅरेजात त्याने चारी चाकांना खाचा पाडलेल्या नव्या डिस्क आणि भारीतले पॅड बसवून घेतले. रविवारी सकाळी दहाला तो एकटाच खाली निघाला आणि तिसऱ्या वळणावर कड्यावर आदळला. आता तो इस्पितळात बेशुद्ध होता आणि ओराझ चौकीच्या कोठडीत.

तज्ज्ञाचा अहवाल दोन ओळींत संपला होता. डाव्या दोन्ही चाकांच्या पॅडवर वंगण, उजवे पॅड स्वच्छ. कारण, बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा. संध्याकाळी पाचला कागद सरकारी वकिलाकडे जायचे होते. ते गेले की साठीला टेकलेल्या ओराझची उरलेली वर्षं तुरुंगातच जाणार होती.

ती कोठडीत गेली. ओराझ स्वतःचे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडेच बघत बसला होता.

"ओराझ आगा, वंगणाचा हात डिस्कला लागला होता का?"

"रात्रभर तेच आठवतोय, बाई. चाळीस वर्षं हे काम केलं. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"वंगण वापरता कुठे?"

"कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिनांना. नखाएवढं. काळं असतं."

"आणि बसवून झाल्यावर?"

"पॅड रुळवतो. तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवायची, ब्रेक करकचून दाबायचा, थांबायच्या आत सोडायचा. असं वीस वेळा. डिस्कवर निळसर झाक चढते. त्याशिवाय मी गिऱ्हाइकाला किल्ली देत नाही."

"तेव्हा गाडी एका बाजूला ओढत होती?"

"छे. मी स्टिअरिंगवरचे हात काढून बघितलं. सुतासारखी सरळ थांबली. दामिर शेजारीच होता, त्याला विचारा." मग त्याचं त्यालाच आठवलं. त्याचा एकुलता एक साक्षीदार शुद्धीवर नव्हता.

बिबिगुल परत आवारात आली. कुत्र्याला हाकलून तिने टॉर्च मारला. चारही डिस्कवर निळसर झाक होती. म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत चारही चाकं सारखी धरत होती. तिने डाव्या चाकाच्या काड्यांमधून नखाने थोडं वंगण खरवडलं. ते काळं नव्हतं, पांढरट होतं. चिमटीत धरताच बोटांच्या उबेने पातळ झालं. तिने बोटं नाकाशी नेली आणि भुवई उडवली. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या खाचेत, गोड गोळ्यांचे दोन रंगीत कागद अडकले होते. तेही तिने पाकिटात घातले.

मग अपघातस्थळी पहिल्यांदा पोचलेल्या ट्रकवाल्याला तिने फोन लावला. रस्त्यावर टायरचे काळे व्रण होते, तो म्हणाला, पण फक्त उजव्या चाकांचे. पुढे जरा घुटमळला. हसू नका, पण तिथे मांस भाजल्यासारखा वास येत होता. डिकीत जेवणाचे डबे असतील असं त्याला वाटलं होतं. बिबिगुलने डिकी उघडून पाहिली. आत जादा चाकाशिवाय काही नव्हतं.

दुपारी ती वरच्या वस्तीत गेली. दामिरच्या घरचं अंगण बोळासारखं अरुंद. मातीत गाडीच्या चाकांच्या खुणा अजून ताज्या होत्या. उजवी चाकं भिंतीला इतकी खेटून उभी होती की मधे मांजरही शिरलं नसतं. भिंतीपलीकडून सफरचंदाच्या फांद्या आत वाकल्या होत्या.

दारात दामिरचा धाकटा भाऊ नुर्तास उभा होता. दोघांचं गाडीवरून वाजलं होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. दामिर किल्ली देत नव्हता म्हणून आठवड्यापूर्वी हा भर रस्त्यात ओरडला होता की ही गाडीच तुला खाणार. आज मात्र तो मान वर करत नव्हता.

"शनिवारी रात्रीपासून गाडी इथेच होती?"

"हो, ताई."

"रविवारी निघायच्या आधी गाडीजवळ कोण कोण आलं?"

"कोणी नाही. दामिर आवरत होता. मी झोपलेलो."

"आणि आपा, तुझी आई?"

"तिचे गुडघे धरलेत. ती खाली अंगणात उतरलीच नाही."

उत्तर विचारायच्या आधीच तयार होतं. बिबिगुलने बूट काढले आणि ती आत गेली.

आईचं नाव कामशात, पण वस्ती त्यांना आपाच म्हणायची. पोरगा मरणाच्या दारात असताना त्यांनी पोलिसासाठीही चहा मांडला, तळलेल्या बाउरसाक पुऱ्यांची बशी पुढे सरकवली. डोळे रडून सुजलेले होते. बोलल्या त्या ओराझबद्दलच.

"माझ्या लेकराचा घात केला मेल्यानं. त्याचे हात झडोत."

"आपा, नव्या ब्रेकचं काही केलंत की नाही? आमच्याकडे नवीन काही आलं की शुभ म्हणून त्यावर गोड गोळ्या उधळतात."

"उधळल्या की. काल सकाळी मी स्वतः उधळल्या." म्हातारीचा चेहरा क्षणभर उजळला. "दामिर हसला मला. म्हणाला, आई, गाडी जुनीच आहे, नवं फक्त चाकाच्या आतलं."

आई अंगणात उतरलीच नाही असं आत्ताच सांगणारा नुर्तास दारातून मागे सरकला. बिबिगुलने पेला उपडा ठेवला आणि ती त्याला अंगणात घेऊन गेली.

"ओराझ पाचला तुरुंगाच्या वाटेला लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "तू सांगतोस की मी सांगू?"

नुर्तास भिंतीकडे बघू लागला.

"मग ऐक. शनिवारी गाडी सरळ थांबत होती, डिस्कवर तशी झाक आहे. म्हणजे वंगण नंतर लागलं, इथे लागलं. गॅरेजातलं वंगण काळं असतं, हे पांढरं आहे. ते बोटाच्या उबेने पातळ होतं, तापलं की मांसासारखा वास येतो आणि कुत्रं चाटतं. ही मेंढीच्या शेपटीची चरबी आहे. घातच करायचा असता तर माणसाने चारी चाकं माखली असती. इथे डावीच माखली, कारण उजव्या बाजूला हात जातच नव्हता. गोळ्या उधळून एवढी चरबी प्रेमाने लावणारं या घरात एकच माणूस आहे. तू नव्हेस."

नुर्तास पायरीवर बसला. आजोबांच्या काळापासून घरात तसंच चाले, तो सांगू लागला. कळप घेऊन कुरणाकडे निघताना छकड्याच्या चाकांना चरबीचं बोट लावायचं, म्हणजे रस्ता सांभाळून नेतो. दामिर आत कपडे करत असताना आईने काड्यांमधून हात घालून नव्या चकचकीत डिस्कनाच चरबी चोपडली होती. तेच नवं, तेच दिसणारं. अपघाताच्या जागी त्याला तो वास आला तेव्हाच सगळं उमगलं. घरी येऊन त्याने चरबीची वाटी घासून ठेवली.

"खोटं बोललो, ताई. पण सांगितलं असतं तर ती जगली नसती."

"आणि ओराझ जगला असता?"

मागे काठी टेकल्याचा आवाज झाला. आपा उंबऱ्यात उभ्या होत्या. गुडघे खरंच धरलेले होते, तरी त्या तीन पायऱ्या उतरून भिंतीपाशी आल्या. जिथे गाडी उभी होती त्या मोकळ्या जागेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मला ओराझकडे ने," त्या म्हणाल्या.

साडेचारला बिबिगुलने कोठडीचं कुलूप काढलं. नुर्तास बाहेर टेबलापाशी जबाब लिहून देत होता, खोटं बोलल्याच्या ओळीसकट. वाटेतच इस्पितळातून फोन आला होता, दामिरने डोळे उघडले होते. पण आपा त्याच्याकडे गेल्या नाहीत, आधी इथे आल्या. त्यांनी ओराझला काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एक शब्द न गाळता.

ओराझने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भिंत आडवी आली हे बरं झालं, आपा. चारी चाकं माखली असतीत तर गाडी सरळ डावीकडच्या दरीत गेली असती. उजवीकडचे पॅड धरले म्हणून ती उजव्या अंगाच्या कड्याकडे ओढली गेली."

"मी तुझे हात झडोत म्हणाले होते."

ओराझने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. 

"आहेत अजून," तो म्हणाला. "पोरगा घरी येईपर्यंत त्याची गाडी उभी करायची आहे."